आईबापासकट मूल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरी दरवर्षी वाड्यावस्त्यांवरची एक-दोन मुलं शिकायला राहत. गावातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल. त्या मुलांचे आईबाप बाजाराच्या दिवशी यायचे, ओसरीवर बसायचे, मुलाला जवळ घ्यायचे आणि मास्तरीणबाई त्यांच्याही पुढे ताट ठेवायच्या. दुसऱ्याचं मूल सांभाळायचं तर त्याच्या आईबापांचं येणं-जाणंही सांभाळायचं, हे त्या घरात कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. आज हेच काम कायद्याने होतं. त्यासाठी समिती आहे, अर्ज आहे, गृहभेटीचा अहवाल आहे. आईबापांना बसायला जागा मात्र फार थोड्या ठिकाणी उरली आहे. मला आज त्या जागेविषयी बोलायचं आहे.

आधी कायदा, थोडक्यात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल एखाद्या योग्य कुटुंबात ठेवता येतं, थोड्या काळासाठी किंवा लांबच्या मुदतीसाठी. सरकारी कागदांवर याला प्रतिपालकत्व म्हणतात. कार्यालयात सगळे फॉस्टर केअरच म्हणतात. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं. इथे ते तुमच्या घरात वाढतं, पण त्याचे आईबाप त्याचे आईबापच राहतात. आईवडील अयोग्य किंवा असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसऱ्या घरी ठेवलं असेल, तर ते ठरावीक काळाने त्याला भेटू शकतात, हे याच कलमात लिहिलेलं आहे. भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं, तर तिने तशी कारणं नोंदवायची. आणि आईवडील पुन्हा सांभाळायच्या स्थितीत आले की मूल परत जाऊ शकतं. म्हणजे भेट हा नियम आणि भेट नाकारणं हा अपवाद. प्रत्यक्षात मी बहुतेक ठिकाणी याच्या उलट चाललेलं पाहिलं आहे.

याचं एक कारण प्रतिपालकांच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. "ताई, पोरगं आमच्याकडे छान रुळलं होतं. आई भेटून गेली आणि पुन्हा सगळं मुसळ केरात. रात्री गादी ओली करतो, ताटावरून उठतो, आमच्या धाकट्याला मारतो. भेटी बंद करा बघू." हे बोलणारी बाई वाईट नसते. मुलाच्या उशाशी रात्र तिने जागवलेली असते, शाळेतून बोलावणं तिला आलेलं असतं. तिच्या डोळ्यांना दिसतं ते खरंच आहे: भेटीनंतर मूल अस्वस्थ होतं. चूक होते ती त्याचा अर्थ लावताना.

हा अर्थ नीट लावायला मला सगळ्यात जास्त मदत झाली ती लंडनच्या जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या दांपत्याच्या कामाची. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडे त्यांची नावं फारशी घेतली जात नाहीत. १९६० च्या दशकात या दोघांनी आईपासून काही दिवस दूर राहावं लागलेल्या लहान मुलांचं चित्रण केलं. त्यातला जॉन १७ महिन्यांचा. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली आणि त्याला नऊ दिवस एका शिशुगृहात ठेवलं. तिथल्या परिचारिका प्रेमळ होत्या, पण पाळी बदलली की माणूस बदलायचं. जॉन एकीजवळ जायचा, मग दुसरीजवळ. शेवटी एका मोठ्या टेडी अस्वलाला बिलगून पडून राहू लागला. नवव्या दिवशी आई न्यायला आली, तेव्हा तो तिच्याकडे बघेना. ओरडून, अंग टाकून त्याने तिला दूर लोटलं.

आता दुसरी बाजू. याच काळात रॉबर्टसन दांपत्याने अशाच कारणासाठी आईपासून दुरावलेली चार मुलं एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. त्यांतली जेन जॉनच्याच वयाची होती. मूल राहायला येण्याआधीच त्याची या घराशी ओळख करून दिलेली असे. ते काय खातं, कसं झोपतं, कशाला घाबरतं, हे जॉयसबाई त्याच्या आईकडून समजून घेत. मुलाचं अंथरूण, खेळणी, आईचा फोटो सोबत येई. मूल तिथे असेपर्यंत आईचा विषय घरात रोज निघे. वडील भेटायला येत. ही मुलंही रडली, चिडली, त्यांनाही आईची आठवण आली. पण जॉनसारखं त्यातलं कोणी मोडलं नाही, आणि आई आली तेव्हा त्यांनी तिला ओळखलं, जवळ केलं. मूल घरी परतल्यावरही जॉयसबाईंनी संबंध एकदम तोडला नाही. त्या त्याला भेटत राहिल्या आणि हळूहळू बाजूला झाल्या.

जॉयसबाईंनी आईच्या जागेवर हक्क सांगितला नाही, ती जागा मुलाच्या मनात राखून ठेवली. म्हणूनच त्यांना स्वतःलाही मुलाच्या जवळ जाता आलं. रॉबर्टसन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दुरावलेलं मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि मग एक दिवस ते शांत, आज्ञाधारक, सगळ्यांशी हसणारं होतं. ही शेवटची शांतता पाहून मोठ्यांना बरं वाटतं. प्रत्यक्षात मुलाने आशा सोडलेली असते. आपलं 'छान रुळलेलं' मूल यातल्या कुठल्या अवस्थेत आहे, हे प्रत्येक प्रतिपालकाने स्वतःला विचारावं. भेटीनंतर मूल रडतं तेव्हा भेटीने त्याला जखम केलेली नसते. जखम आधीची असते; आई दिसली की ती दाखवायला त्याला माणूस मिळतं.

मग भेटीच्या रात्री करायचं काय? फार काही नाही. त्या दिवशी अभ्यासाचा आग्रह धरू नये, नातेवाईक बोलावू नयेत, लवकर जेवायला वाढावं. "आईची आठवण येतेय ना? येणारच. पुन्हा अमुक दिवशी ती येणार आहे," एवढं म्हणावं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या भेटीच्या तारखेला मुलाच्याच हाताने गोल करून घ्यावा. आणि गादी ओली झालीच, तर सकाळी न बोलता चादर बदलावी.

पण भेटीच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवं ते आईशी बोलणं. अमेरिकेत काही ठिकाणी मूल नव्या घरी आलं की एका दिवसाच्या आत प्रतिपालक आईने जन्मदात्या आईला फोन करायचा, अशी रीत पाडली आहे. विचारायचं साधंच असतं. वरण-भात कालवून खातो की वेगवेगळा? झोपताना दिवा लागतो का? त्याला हाक कशी मारायची? अंगावर काय उठतं? या एका फोनने तीन गोष्टी होतात. मुलाची पहिली रात्र सोपी जाते. जिच्याकडून मूल काढून घेतलंय त्या बाईला कोणीतरी पहिल्यांदाच, 'तुला तुझं मूल कळतं' असं सांगतं. आणि प्रतिपालक आईला आवाजातून एक खरी बाई भेटते. त्याआधी फाइलमधली 'व्यसनी' किंवा 'निष्काळजी' माता तेवढी भेटलेली असते.

इथे आपल्या समाजातली एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. प्रतिपालक बहुतेक मध्यमवर्गातले असतात. जन्मदाते भूमिहीन, ऊसतोड करणारे, आदिवासी, भटके-विमुक्त, शहरात पुलाखाली राहणारे. दोन्ही घरं समोरासमोर येतात तेव्हा मधे जात असते, भाषा असते, कपडे असतात. मी भेटीच्या खोलीत पाहिलं आहे: प्रतिपालक खुर्चीवर, आई भिंतीला टेकून खाली. कर्मचारी एकीला 'मॅडम' म्हणतात आणि दुसरीला 'ए बाई, सही कर इथं'. मूल हे सगळं बघत असतं. आपण कोणाचे आहोत आणि त्या माणसांची किंमत काय, हे त्याला तिथेच कळतं. म्हणून मी प्रतिपालकांकडे एकच आग्रह धरते: आईला अहो-जाहो करा. तिच्याशी बोलताना 'अमक्याची आई' म्हणा, म्हणजे ते नातं तुमच्या तोंडून मुलाच्या कानावर जाईल. ती खाली बसली तर तुम्हीही खाली बसा.

भाषेचंही असंच. मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडचं पावरी बोलणारं मूल मराठी घरात आलं की सहा महिन्यांत झकास मराठी बोलू लागतं आणि आपण त्याचं कौतुक करतो. पुढच्या भेटीत आई त्याच्या भाषेत काही विचारते आणि ते मराठीत उत्तर देतं, किंवा देतच नाही. मायलेकरांना एकमेकांशी बोलण्यासाठी दुभाषी लागावा, याहून मोठा दुरावा कोणता? प्रतिपालकांना ती भाषा येणार नाही, हे मान्य. पण त्या भाषेचं एखादं माणूस, एखादी मावशी, एखादा शेजारी आठवड्यातून एकदा मुलाशी बोलेल एवढी सोय लावता येते. आईचा फोन लावून दिला आणि आपण खोलीबाहेर गेलो, तरी पुष्कळ.

वडिलांचा उल्लेख मी कमी करते आहे, कारण आपल्या व्यवस्थेत ते कमीच दिसतात. ते येत नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावत नाही. बोलवावं.

आता पैशांकडे येते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टर केअरमधल्या मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना जुनी. आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते आणि तिचं अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये झालं. हे पैसे मुलासाठी आहेत आणि ते योग्यच आहे. पण आईला भेटीला येण्यासाठी स्वतंत्र खर्च मिळालेला मी पाहिलेला नाही. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. तिकीट अर्धं झालं तरी बुडालेली दिवसाची मजुरी पुरीच असते. दसऱ्यानंतर बीडहून कारखान्यावर गेलेली बाई हंगामात मुकादमाची उचल अंगावर असताना फडातून उठून जिल्ह्याच्या ठिकाणी येणार कशी? भेटीची वेळ असते कामाच्या दिवशी, अकरा ते एक. ती येत नाही. फाइलवर शेरा पडतो: माता भेटीस अनुपस्थित.

हा शेरा निरुपद्रवी नाही. ज्यांना भेटायला कोणीच येत नाही अशा मुलांचा एक वर्गच कागदोपत्री झाला आहे, आणि त्या वर्गात गेलेलं मूल आईबापांपासून कायमचं तुटण्याच्या वाटेला लागतं. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार फॉस्टर केअरमध्ये दोन वर्षं राहिलेलं मूल, ते दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. ज्या मुलाला खरोखर परतायला घर नाही, त्याच्यासाठी ही वाट चांगली आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण तिचा एक परिणाम मला रोज दिसतो. दत्तकाच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेली जोडपी फॉस्टर केअरकडे आडवाट म्हणून येतात. त्यांचं दुःख खरं असतं. तरीही दोन वर्षं मोजत बसलेलं कुटुंब आईच्या भेटीसाठी दार मनापासून उघडू शकत नाही; आईची प्रत्येक खेप त्यांना आपल्या सुखावरचं संकट वाटते. ज्यांना मूल कायमचं हवं आहे त्यांनी दत्तकासाठीच थांबावं. आणि निवड करणाऱ्यांनी अर्जदाराच्या घराचं क्षेत्रफळ मोजण्याआधी हा प्रश्न विचारावा: आई बरी झाली आणि मूल परत मागायला आली, तर तुम्ही काय कराल?

या बाबतीत श्रीमंत देशांचंही सगळं बरोबर चाललं आहे असं नाही. नॉर्वेतल्या एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुलं २०११ मध्ये तिथल्या बालसंरक्षण खात्याने काढून घेतली. त्यावर आपल्याकडे केवढा संताप झाला, दोन सरकारांमध्ये बोलणी झाली, २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडे आली आणि पुढे कोर्टात झगडून आईने ती मिळवली. २०२३ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्याच नॉर्वेविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सप्टेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात निकाल दिला. तान्हेपणीच फॉस्टर घरी गेलेलं मूल शेवटी आईची संमती नसताना दत्तक दिलं गेलं होतं. न्यायालयाने एक गोष्ट नेमकी पकडली: आई आणि मुलाच्या भेटी इतक्या मोजक्या ठेवल्या होत्या की त्यांवरून आईची क्षमता ठरवायला पुरेसा आधारच उरला नव्हता. आधी पुरेसं भेटू द्यायचं नाही आणि मग नातं नाही म्हणून मूल द्यायचं नाही, हे आईच्या कुटुंबजीवनाच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं ठरलं. नॉर्वेवर रागावलेल्या आपण सगळ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या 'माता भेटीस अनुपस्थित' या शेऱ्यावरही तेवढंच रागवायला हवं. ब्रिटनच्या १९८९ च्या बाल अधिनियमात मूल सरकारी देखरेखीखाली असताना आईवडिलांशी वाजवी संपर्क होऊ देणं हे स्थानिक यंत्रणेचं कर्तव्य मानलं आहे. 'कर्तव्य' हा शब्द आपल्याकडेही यायला हवा. आपल्याकडे व्यवहारात भेट ही आईला दिलेली सवलत आहे. तिथे ती घडवून आणणं हे यंत्रणेचं काम आहे.

प्रत्येक आईबापाला भेटू द्यावं, असं मी म्हणत नाही. ज्या माणसाने मुलावर लैंगिक अत्याचार केला, ज्याच्या नुसत्या आवाजाने मूल थरथरतं, त्याच्यासमोर मुलाला बसवणं हा दुसरा अत्याचार आहे. तिथे समितीने कारणं लिहून नाही म्हणावं आणि प्रतिपालकांनी ठाम उभं राहावं. दारूच्या अमलात आलेल्या बापाला त्या दिवशी परत पाठवावं, मुलासमोर वाद न घालता, पुढची तारीख सांगून. पण भेट बंद झाली म्हणजे बापाला शिव्या घालायचा परवाना मिळाला असं नव्हे. "तुझा बाप तसलाच" हे वाक्य मुलाच्या कानात शिरलं की मूल ते स्वतःच्या रक्ताविषयी ऐकल्यासारखं ऐकतं आणि वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी तुम्हाला परत करतं. "बाबांना एक आजार आहे, त्यामुळे ते तुला सांभाळू शकत नाहीत, त्यात तुझी काही चूक नाही," हे खरंही आहे आणि पेलण्याजोगंही.

प्रतिपालकांचा एक प्रश्न राहतो, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. मूल परत गेलं की आमचं काय? आपल्या लोकस्मृतीत यशोदा आहे ती अक्रूराच्या रथामागे रडणारी. कृष्ण मथुरेला गेला आणि तिची गोष्ट संपली, अशीच आपली समजूत असते. पण भागवताच्या दशम स्कंधात पुढे एक प्रसंग आहे, तो कीर्तनात मी फारसा ऐकलेला नाही. सूर्यग्रहणाच्या पर्वावर सगळे कुरुक्षेत्री जमतात. द्वारकेहून यादव येतात आणि गोकुळातून नंद-यशोदा. तिथे देवकी आणि रोहिणी यशोदेला मिठी मारतात. त्यांना गहिवरून येतं. आमच्या मुलांनी आम्हाला पाहिलेलंही नव्हतं तेव्हा ती तुमच्या हाती होती, तुम्ही त्यांना जपलंत, हे ऋण फिटणारं नाही, असं त्या तिला म्हणतात. जन्मदात्या आईने सांभाळणाऱ्या आईचं ऋण तिच्या तोंडावर, सगळ्यांसमोर मानावं, ही गोष्ट आपल्या परंपरेनेच लिहून ठेवली आहे. फक्त त्या दोघींना भेटायला इतकी वर्षं लागली.

आपल्याला तेवढी वाट पाहायचं कारण नाही. एका जिल्ह्यात मी एक मुलगी मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्या तिच्या आईकडे परत जाताना पाहिली. जाणं एका दिवसात झालं नाही. आधी आईने प्रतिपालकांच्या घरी दुपार काढली, मग एक रविवार. मग मुलगी शनिवारी आईकडे राहायला जाऊ लागली. गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून आईला आठवण करायचं काम प्रतिपालक काकांनी घेतलं. शाळा बदलली नाही. मुलगी कायमची गेली त्या दिवशी प्रतिपालक काकू फार रडल्या. त्यांना समजावायला त्या मुलीची आईच थांबली. आता दिवाळीला मुलगी काकूंकडे येते, सोबत आई. एखादा आठवडा आईची तब्येत ढासळली, तर ती स्वतःच काकूंना फोन करते आणि मुलगी चार दिवस तिथे राहते. समितीकडे नवं प्रकरण होत नाही. त्या दोन घरांनी आधी एकमेकांवर विश्वास टाकला म्हणून मुलीचं जाणं टिकलं. मूल घरी गेल्यावर पुन्हा मोडू शकणाऱ्या घराला आधार लागतो, आणि तो देण्याच्या सगळ्यात चांगल्या स्थितीत असतात ते त्या मुलाला सांभाळणारे लोक.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने भेटीसाठी आईबापांच्या प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च द्यावा. भेटी रविवारी, सुट्टीच्या दिवशी व्हाव्यात, आणि कार्यालयात न होता अंगणवाडीत, बागेत, आणि जिथे दोन्ही घरांची तयारी असेल तिथे प्रतिपालकांच्या घरी व्हाव्यात. आई आली नाही, तर का आली नाही हे पाहून यायला माणूस पाठवल्याशिवाय अनुपस्थितीचा शेरा मारू नये.

आणि तुमच्याकडेही एक मागणं आहे. बालगृहांमध्ये आत्ता या घडीला अशी पुष्कळ मुलं आहेत की ज्यांचा एक तरी पालक हयात आहे, आणि ज्यांना मधली काही वर्षं एक घर हवं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात जागा आहे, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन नाव नोंदवावं. अर्ज भरताना मुलाचं वय, रंग, तब्येत विचारण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा: याच्या आईबापांना आम्ही कधी भेटायचं? त्यांनी तारीख दिली नाही, तर ती मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.